दत्तरावांचा न मोडणारा पाइप

…आणि वर लोक मलाच विचारतात, ‘सांबप्पा, तुमी आधी कामून बोलला न्हाईत?’ घ्या! मी आधी बोलायचं! अहो, तुम्हाला सांगतो, मी मुळात कमी बोलणारा माणूस. पस्तीस वर्षं सोनपेठच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होतो. मापाड्याचं काम काय? काट्याकडं बघायचं, आकडा सांगायचा आणि तोंड मिटायचं. आकड्याच्या पुढं एक शब्द गेला की इकडून शेतकरी उठतो, तिकडून व्यापारी उठतो आणि मधी मापाडी चेंगरतो. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण गप्प बसायचं तेवढं मी पक्कं शिकलो. घरात बोलायचं काम आमच्या मंडळीकडं, चन्नबसम्माकडं. ती माझ्या वाटचंही बोलून घेते. असं सगळं सुरळीत चाललं होतं हो… आणि मग आमच्या गाडीनं तोंड उघडलं!

गाडी म्हणजे काय, लहानशी, पांढरी, अठरा वर्षांची. दिवाळी झाली आणि ती घसा बसल्यासारखी करायला लागली. आधी नुसतं फुर्र… फुर्र… मग आठ दिवसांत असा आवाज, की मी बाजारात शिरलो की म्हशी आपणहून वाट सोडायच्या! आणि लोकांचे सल्ले काय विचारता! एक म्हणतो, ‘मामा, आवाजच हाय न्हवं? चालतीय ना? मग चालू द्या!’ दुसरा म्हणतो, ‘उलट बरं झालं, हॉर्न वाचला!’ मी काही बोललो नाही.

पण मला फिकीर आवाजाची नव्हती. ऐका आता. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, काचा गच्च वर केलेल्या, मी आणि चन्नबसम्मा एका लग्नाला गंगाखेडला निघालो होतो. ही बोलत होती. कुणाच्या लग्नात वरणात मीठ कमी होतं इथून सुरू झाली, ती त्या वरणवाल्याच्या मावशीपर्यंत पोचली होती… आणि मधीच गप्प झाली. गप्प! एकेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालेलं नाही! मला वाटलं श्वास घेत असेल. एक मैल गेला, दोन मैल गेले, मावशीचं पुढं काय झालं ते येईना. वळून बघतो तर हिची मान कललेली, डोळे जड, आणि म्हणते कशी, ‘अवो… डोकं लय जड झालंय…’ माझंही कपाळ ठणकत होतं. नाकात धुराचा वास. गाडी उभी केली, चारी दारं उघडली, हिला धरून लिंबाखाली बसवलं, तोंडावर पाणी मारलं, पदरानं वारा घातला. दहा मिनिटांनी हिनं डोळे उघडले आणि म्हणाली, ‘गाडी कामून थांबवली? उशीर व्हायलाय! आन् त्या मावशीचं तर आईकलंच न्हाई तुमी!’ देवाशपथ, त्या मावशीचं ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग खाली वाकून बघितलं. इंजिनाकडून एक नळी निघते, ती धूर घेऊन मागं सायलेन्सरकडं जाते. त्या नळीत मधी वीतभर जाळीचा तुकडा असतो, स्वेटरच्या बाहीसारखा विणलेला. ती बाही उसवली होती. धूर मागं जायचा सोडून आमच्या पायांखालीच निघत होता.

आणि ही गाडी कुणाला आणायला जाणार होती? माझ्या लेकीला! अनुपमाला! पाथरीला दिलीय तिला. लग्नाला सात वर्षं झाली, तेव्हा कुठं आता दिवस राहिले. सातवा सरत आलेला, गुरुवारी आठवा लागणार, आणि आठव्यात लेकीला हलवायचं नाही हा चन्नबसम्माचा कायदा. पहिलं बाळंतपण माहेरीच हाही तिचाच कायदा. मुहूर्त बघणाऱ्या स्वाम्यांनी सोमवार काढून दिलेला, अकराच्या आत लेकीनं सासरचा उंबरा ओलांडायचा. भाड्याची जीप करावी म्हणून मी तोंड उघडलंच होतं हो, नुसतं उघडलं होतं, तोच ही म्हणाली, ‘घरची गाडी आसताना लेक भाड्याच्या जीपात? इहीणबाई काय मनतील?’ मी काही बोललो नाही.

शनिवारी गाडी दत्तरावांकडं नेली. दत्तराव म्हणजे आमच्या गावचे वेल्डिंगवाले. कुळव आणा, वखर आणा, ट्रॉलीचा आख आणा, जोडून देणार. माणूस सोन्यासारखा. एकच खोड, त्यांना हललेलं काही चालत नाही! दुकानातलं बाकडं डुगडुगलं तरी वेल्ड मारतात. गाडीखाली शिरले, ती जाळी हातानं हलवून बघितली आणि आतूनच ओरडले, ‘सापडलं, सांबप्पा! ही नळी हलायलीय! हलायलीय म्हणूनच फाटली! आता हिला काढून फेकतो आन् पक्का पाइप टाकतो, मग कशी हलती तेच बगतो!’ आणि कोपऱ्यातून एक लोखंडी पाइप ओढून काढला. बोअरचा! बोअरवेलच्या मोटारीचा! ‘ह्या पाइपानं दोनशे फूट खाली पाण्यात मोटार धरून ठिवली हुती, दहा वर्षं! सांबप्पा, लिहून देतो, तुमची गाडी मोडंल, पण ह्यो पाइप मोडणार न्हाई!’

आता तुम्हीच सांगा, पस्तीस वर्षं काट्याजवळ बसलेला माणूस मी. काट्याची दांडी हलते म्हणून तर वजन कळतं! एखादी वस्तू हलायलाच केलेली असते, हे मला कळायला नको? कळलं होतं! ओठापर्यंत आलं होतं! पण दत्तरावांनी डोळ्यांवर काळी काच ओढली, ठिणग्या उडायला लागल्या, आणि चांगल्या माणसाचं काम चाललेलं असताना मधी कसं बोलायचं… मी काही बोललो नाही.

आणि खरं सांगू, आवाज बंद झाला! धूरही बंद! मी काचा वर करून पाऊण तास बसून बघितलं, डोकं दुखलं नाही. म्हटलं, जमलं बुवा.

सोमवारी दिवस उगवायला आंघोळ झाली, लिंगपूजा झाली, कपाळाला विभूती लावली आणि निघालो पाथरीला. मागं ओटीचं सामान, शिदोरीचे डबे, इहीणबाईंना साडी. आणि वेशीच्या बाहेर गाडीनं जरा वेग घेतला मात्र… अहो, गाडी थरथरायला लागली! नुसती थरथर म्हणू नका! आरसा हलतोय, दारं हलतायत, डब्यांची झाकणं टाळ वाजवतायत, हिच्या हातातल्या बांगड्या किणकिण किणकिण, माझी कवळी… जाऊ द्या, कवळी मी खिशात टाकली. ही काहीतरी सांगत होती, पण शब्दाचे असे तुकडे पडत होते, ‘अ-अ-अवो, ह-ह-हे का-का-काय हो-हो-होयलंय!’ मी कवळीशिवाय काय उत्तर देणार? मी काही बोललो नाही.

पाथरी तीन-चार किलोमीटर राहिली, आणि धडाड! असा आवाज झाला की बांधावरच्या गड्यानं हातातलं खुरपं टाकलं. आणि नंतर जो भोंगा सुरू झाला गाडीचा! आधीचा आवाज त्याच्यापुढं म्हणजे कुजबूज! त्याच भोंग्यासकट, काचा सगळ्या खाली करून, हिचं डोकं बाहेर काढून, आम्ही पाथरीत शिरलो. लेकीच्या गल्लीत पोचलो तर गल्ली आधीच बाहेर येऊन उभी! एक आजी म्हणते, ‘मळणीयंत्र आलं का गं? आत्ता कशाची मळणी?’ आमच्या इहीणबाई पार्वतीबाई दारात उभ्या, कानावर हात, आणि हसू दाबत म्हणतात, ‘या इवाई, या! तुमी येयलात हे कळवायला फोन कशाला लागतोय!’

बरं, आत गेलो. लेक समोर आली. तोंड भरलेलं, चाल जड, एक हात कमरेवर. मला बघितलं की लहानपणी जशी हसायची तशीच हसली. लिंबाखालचं सगळं डोळ्यांपुढं आलं… मान कललेली, डोळे जड. ते तर चन्नबसम्माला झालं होतं, धडधाकट बाईला, दहा मैलांत. आणि ही माझी लेक, तीही एकटी नाही…

ओटी भरली. साडेदहा वाजले. पावणेअकरा वाजले. सगळ्यांची घाई! जावई पंकजराव, स्वभावानं लय चांगले, त्यांनी आमच्याआधी जाऊन गाडी चालू करून ठेवली, म्हणाले, ‘मामा, बंद केली तर पुन्हा चालू होती न होती!’ म्हणजे बघा, गाडी भोंगा वाजवतीय, खालून निळा धूर निघतोय, दार उघडंय, आणि माझ्या लेकीला हाताला धरून आत बसवायलेत! ‘तीस किलोमीटरच तर हाय!’ कुणीतरी म्हणतं. ‘काचा उघड्या ठिवा की!’ दुसरं म्हणतं. ‘अकरा वाजायलेत, बसा बसा!’ चन्नबसम्मा म्हणते. लेकीनं एक पाय आत टाकला.

आणि मी बोललो.

मी म्हणालो, ‘न्हाई.’

कुणी ऐकलंच नाही हो! त्या भोंग्यात कुणाला ऐकू जाणार! मी पुन्हा म्हणालो, जोरात, ‘न्हाई!’ पंकजराव खुणेनं विचारतात, काय, पाणी पायजे का? जन्मात एकदा बोलायला उठलो आणि माझ्याच गाडीनं माझा आवाज बुडवला! मग मी काय केलं, खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवली, काढली आणि कोपरीच्या आतल्या खिशात टाकली. सगळं एकदम चिडीचूप. गल्लीतलं कुत्रंसुद्धा बघायला लागलं. मी म्हणालो, ‘ह्या गाडीतून माझी लेक जाणार न्हाई. हिचा धूर आत येतोय. लेक गेली तर चांगल्या गाडीत जाईल, न्हाई तर मुहूर्त गेला तरी चालंल.’

मोजून बघा, एकेचाळीस वर्षांत एवढं सलग मी चन्नबसम्मापुढं बोललो नव्हतो. इहीणबाई म्हणाल्या, ‘अगं बाई! इवायाला आवाज हाय!’ लेकीनं पाय बाहेर घेतला. आणि चन्नबसम्मा? मला वाटलं आता आभाळ कोसळतंय. तर ही जवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘त्या दिशी लिंबाखाली… तसं व्हायलं आसतं व्हय तिला?’ मी मान हलवली. तिनं लेकीचा हात घट्ट धरला.

पण मुहूर्त! अकराला पाच मिनिटं कमी! तेव्हा पार्वतीबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘त्यात काय, पस्तान ठिवा!’ आता पस्तान तुम्हाला माहीत असेल, माहीत नसेल तर सांगतो. मुहूर्तावर माणसाला निघता आलं नाही तर त्याच्या नावानं एक पुडी बांधायची, तांदूळ, सुपारी, हळकुंड, खणाचा तुकडा, आणि ती जायच्या वाटेवर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस मुहूर्तावर निघालं असं धरतात. मग तीन दिवसांत कधीही निघा, वार बघायचा नाही. फक्त जाताना ती पुडी सोबत घ्यायची, ती घेतल्याशिवाय पोचायचं नाही. सोनपेठच्या वाटेवर, गावाच्या तोंडाशी, कुणाचं घर? पंकजराव म्हणाले, ‘तिथं तर महेबूब वस्तादचं गॅरेजच हाय. गाडी न्यायचीच हाय तिथं!’

तर तुम्हाला सांगतो, अशी माझी लेक अकराच्या आत मुहूर्तावर निघाली. म्हणजे पुडी. काचा खाली करून, भोंगा वाजवत, मांडीवर लेकीचं पस्तान घेऊन मी गॅरेजात गेलो. वस्ताद साठीचे, पांढरी दाढी. पुडी बघितली, सगळं ऐकलं, हात धुऊन पुसले आणि ज्या फळीवर रोज उदबत्ती लावतात त्या फळीवर पुडी ठेवली. म्हणाले, ‘चाचा, बेटी की अमानत हाय. फिकीर करू नका.’ मग गाडीखाली गेले… आणि हसायचा आवाज यायला लागला. ‘चाचा! ये किने करा? बोअर मारायला निघाले का गाडी घेऊन?’ मग समजावून सांगितलं. इंजिन रबरावर बसलेलं असतं, ते हलणारच. मागचा पाइप हलत नाही. दोघांच्या मधी ती जाळीची नळी असते, फ्लेक्स पाइप म्हणतात तिला, ती सगळी हालचाल पोटात घेते. तिथं बोअरचा पाइप घातला, म्हणजे इंजिनाचे सगळे धक्के सरळ पुढं. इंजिनाजवळचं तोंड तडकलं, बोल्ट उपटले. मी विचारलं, ‘आन् पाइप?’ वस्ताद म्हणाले, ‘पाइप? पाइप एकदम सलामत! साधा ओरखडा न्हाई! गाडी मोडली, पाइप न्हाई मोडला!’

दत्तरावांनी लिहून देतो म्हटलं होतं ना! माणूस शब्दाचा पक्का. मी काही बोललो नाही.

तो पाइप कापायला दोन पाती गेली. नवा फ्लेक्स पाथरीत मिळेना, तो परभणीहून मंगळवारी संध्याकाळच्या एसटीनं, ड्रायव्हरच्या सीटमागं ठेवून आला. तोवर आम्ही दोघं लेकीच्या घरी! बापानं लेकीच्या घरी पाणी पिताना दहा वेळा विचार करावा अशी आमची रीत, आणि मी दोन दिवस पाट अडवून बसलेलो! पार्वतीबाई वाढताना प्रत्येक वेळी विचारतात, ‘इवाई, भाकर वाढू का? बोला की! आता तर तुमाला बोलता येतंय!’ मी नुसतं ताट पुढं सरकवायचो.

बुधवारी सकाळी गाडी झाली. एरवी बुधवारी लेक पाठवत नाहीत, पण पस्तान ठेवलेलं, वार बघायचा नाही. गॅरेजातून गाडी घेतली तेव्हा पुडी घेतली नाही, कारण लेक सोबत असताना घ्यायची. म्हटलं, तिला बसवू आणि जाता जाता घेऊ, वाटेवरच तर आहे. वस्ताद म्हणाले, ‘काढून ठेवतो, चाचा.’

लेकीला बसवलं आणि निघालो. आणि काय सांगू तुम्हाला! गाडी इतकी गप्प, इतकी गप्प, की चालू आहे का नाही हे बघायला मी हात लावून बघायचो. माझा सगळा जीव कानात! कुठं फुर्र होतंय का, कुठं वास येतोय का… चन्नबसम्मा बोलत होती, म्हणजे ती ठीक. पण लेक? लेक मागच्या सीटवर गप्प! बघतो तर मान कललेली! डोळे मिटलेले! गाडी बाजूला घेतली, दार उघडलं, ‘अनू! ए अनू! ऊठ बाय!’ तिनं डोळे उघडले. ‘काय झालं, अप्पा?’ ‘डोकं जड झालंय का?’ ‘न्हाई ओ, झोप लागली हुती, रात्रभर लेकरू लाथा मारायलंय…’ बरं. निघालो. दोन मैलांवर पुन्हा मान कलली. पुन्हा थांबलो. ‘अनू!’ ‘अप्पा, मी चांगली हाय!’ तिसऱ्यांदा थांबलो. चौथ्यांदा थांबलो तेव्हा लेक रडकुंडीला आली, ‘आई, अप्पाला सांग की, झोपू दे मला!’ आणि चन्नबसम्मा पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलली, ‘उठवू दे गं त्यांना. त्यांना बरं वाटतंय.’

अशी तीस किलोमीटरची वाट अडीच तासांत कापून घरी आलो. चन्नबसम्मा पुढं आत गेली आणि भाकरतुकडा, पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. लेकीवरून तुकडा ओवाळला, आणि मधीच हात थांबला.

‘अवो… पस्तान कुठंय?’

पस्तान! पस्तान पाथरीला! गाडीचा आवाज ऐकता ऐकता, म्हणजे न येणारा आवाज ऐकता ऐकता, मी गॅरेज ओलांडून गेलो होतो! आता? पुडी घेतल्याशिवाय पोचायचं नाही! लेक दारात उभी, एक हात कमरेवर, म्हणते, ‘आई, मी पोचले की गं!’ चन्नबसम्मा म्हणते, ‘न्हाई! रीतीनं तू आजून पाथरीतच हायस!’ शेजारच्या भागुबाईच्या ओसरीवर बाज टाकली, लेकीला तिथं निजवलं, आणि मी? मी पुन्हा पाथरीला.

गॅरेजाजवळ पोचलो. महेबूब वस्ताद दुकानापुढं खुर्ची टाकून बसलेले, हात स्वच्छ धुतलेले, मांडीवर माझ्या लेकीची पुडी. मला बघून उभे राहिले. ‘चाचा! सकाळपास्नं कामाला हात न्हाई लावला! म्हटलं बेटीच्या हातात द्यायची. दोन दिवस ह्या गाडीचाच आवाज कानात, मनात धरलं, कोपऱ्यावर आली की कळणारच. असा कान लावून बसलो… आवाजच आला न्हाई! कधी गेले तुमी?’

मी काही बोललो नाही.

पुडी मांडीवर घेतली, आणि पाथरीपासून सोनपेठपर्यंत, प्रत्येक वळणाला, प्रत्येक फाट्याला, हॉर्न वाजवत आलो. म्हटलं, आता कुणाला कळायचं राहायला नको! गल्लीत शिरलो तोही हॉर्न वाजवतच. तर चन्नबसम्मा भागुबाईच्या ओसरीवरून ओठावर बोट ठेवून, डोळे मोठे करून, धावत आली…

‘अवो, गप्प बसवा ती गाडी! लेकीचा आत्ता कुठं डोळा लागलाय!’

घ्या… मी काही बोललो नाही.